मोडेल ते जोडता आलं पाहिजे

नोटीस बोर्डावर ती नोटीस लागून आता महिना होत आला. 'हॉस्टेलच्या विद्यार्थ्यांनी खाजगी वाहनाने रात्रीच्या मुक्कामाच्या सहलीस जाऊ नये. नियमभंग करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' खाली सही आणि शिक्का. मेसमध्ये यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, "आम्ही काय शाळेत आहोत का?" दुसरा तट (यात बरेच सर आणि मॅडमही आहेत) म्हणतो, "बरं झालं, नसती ब्याद गेली." मित्र-मैत्रिणींनो, माझं मत दोघांनाही आवडणार नाही. सहल व्हायला हवी असं मला वाटतं, पण आज जातात तशी मुळीच नको. जाणाऱ्याला काय काय करता यायला हवं, हे ठरवून मगच ती व्हावी.

आधी झालं काय ते सांगते, कारण कॅन्टीनपर्यंत पोचेपर्यंत या गोष्टीला चार पाय फुटलेत. जानेवारीत आपल्या हॉस्टेलमधले आठ-नऊ जण दोन नव्या कोऱ्या फोर बाय फोर गाड्या घेऊन पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला पोपटी करायला गेले. पोपटी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्यानेच बंद करायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या, पेंढा रचून जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, सगळं वाफेवर शिजतं. रायगडातला थंडीचा हा ठरलेला कार्यक्रम.

तर मंडळींना मडकं लावायला जागा हवी होती. भाताची कापणी केव्हाच झालेली, त्यामुळे शेतं 'रिकामी' दिसली. डांबरी सोडून गाड्या आत घातल्या, उतरताना एक बांध फोडला, दोन खाचरं आडवी-तिडवी तुडवली आणि वर त्याचं रील काढलं. त्या रिकाम्या शेतात वाल होता.

भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर तिकडचे शेतकरी वाल पेरतात. वरून पाणी देत नाहीत, मोठी निगा नाही. त्यामुळे शहरातून आलेल्याला ते पीक वाटतच नाही, तण वाटतं. गंमत म्हणा की दुर्दैव, ज्या वालाच्या शेंगा मंडळींनी पेणच्या बाजारातून पोपटीसाठी विकत घेतल्या, त्याच वालाच्या उभ्या झाडांवरून त्यांनी गाडी फिरवली. गावातून तक्रार आली, ती कॉलेजपर्यंत पोचली आणि नोटीस लागली.

मी कॉन्व्हेंटमधून आलेली. 'ऑफ-रोड' हा शब्द मला आधी भेटला, 'आडवाट' हा मामीकडून नंतर कळला. दोन्हींचा अर्थ एकच, असं मी धरून चालले असते. पण नीट ऐकलं तर फरक मोठा आहे. 'ऑफ-रोड' म्हटलं की रस्ता संपला, पुढे कोणी नाही, आपणच राजे. आडवाट ही मात्र वाटच असते. पेणच्या डोंगराकडेच्या कुठल्याही वाडीतून खाली येणारी पायवाट बघा. ठाकूर, कातकरी बायका डोक्यावर मोळी घेऊन तिच्यावरून उतरतात, पोरं तिच्यावरूनच शाळेत येतात. आपण जिला 'ट्रेल' म्हणून चाकाखाली घेतो ती कोणाची तरी रोजची येण्याजाण्याची वाट असते, आणि तिच्या कडेचा बांध कोणीतरी आपल्या हातांनी घातलेला असतो.

आणि गाव कुठलं, तर गागोदे! ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे इथे जन्मले. आपल्यातल्या बऱ्याच जणांना विनोबा म्हणजे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली एक ओळ. मीही त्यांच्याबद्दल वाचलं ते गागोद्याला जायला लागल्यावरच. इंजिनीअरिंगच्या मुलांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा माणूस सुरतला उतरला आणि तिथून सरळ काशीला गेला. (रेक्टर सरांनी हे उदाहरण म्हणून घेऊ नये.) १८ एप्रिल १९५१ला तेलंगणातल्या पोचमपल्लीला त्यांना पहिली शंभर एकर जमीन दानात मिळाली आणि मग तेरा वर्षांहून जास्त काळ ते देशभर पायी हिंडले, भूमिहीनांसाठी जमीन मागत. अशा माणसाच्या जन्मगावात आपण चार चाकांनी जमीन उकरून येतो. याच पेण तालुक्यात २००८ साली बावीस गावच्या शेतकऱ्यांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान केलं होतं. जमीन म्हणजे काय हे या लोकांना आपण 'सॉरी काका' म्हणून समजावण्याची गरज नाही.

आता मी हे कोणत्या अधिकाराने बोलते? माझ्या मामाचं घर पेणला आहे, आणि मामाकडे एक जुनी महिंद्रा जीप आहे, एमएम ५४०. माझ्यापेक्षा ती कितीतरी वर्षांनी मोठी, म्हणून हॉस्टेलमधल्या सगळ्यांनी तिचं नाव 'काकू' ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपची ही नात. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात झाली तिथून हे घराणं चालत आलं. काकूच्या पोटात प्यूजो बनावटीचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे, कागदावर ६२ हॉर्सपॉवर. आजची छोटी हॅचबॅकसुद्धा तिला हसेल. पण बॉनेट उघडलं की आतलं सगळं दिसतं, हात आत जातो आणि कुठला नट कशासाठी आहे ते कळतं. कुठेही प्लास्टिकचं झाकण नाही, स्कॅनर लावावा लागत नाही.

गेली दोन वर्षं सुट्टीत मी, मामा आणि पेणचे एक मिस्त्रीकाका मिळून काकूची कामं करतोय. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "ताई, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा, कपडे खराब होतील." आता म्हणतात, "गोटी पाना कुठे ठेवलात?" माझं अर्धं मराठी मी त्या शेडमध्ये शिकले. पाटा, कमान, स्टफनी, क्रॉस, लायनर, सेल्फ, हवा धरणे, हवा काढणे. हे शब्द कुठल्याच क्रमिक पुस्तकात नाहीत, आणि यांतला प्रत्येक शब्द उच्चारताना डोळ्यासमोर वस्तू येते.

उदाहरणच देते. डिफरन्शियल आपण सगळे शिकलो. आकृती काढली, मार्क मिळाले. पण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो याचा अर्थ मला चिखलात कळला. एक चाक घसरून गरगरायला लागलं की त्याला फिरायला जेवढा टॉर्क पुरतो, तेवढाच दुसऱ्या चाकाला मिळतो, म्हणजे जवळजवळ शून्य. पुढचं एक आणि मागचं एक चाक असं निसटलं की फोर व्हील ड्राइव्ह जागच्या जागी. नावात चार चाकं, हक्काची दोनच! मग अ‍ॅक्सिलरेटर दाबून काय होतं? चाक जमीन खणत खाली जातं, एवढंच. हे ज्याने एकदा खाली वाकून पाहिलंय तो चिखलात इंजिन रेस करत नाही. लो गिअर टाकतो, तिथे टॉर्क साधारण अडीच पट होतो, आणि मुंगीच्या पावलाने निघतो. नाहीतर सरळ उतरून फावडं घेतो.

किंवा पुढच्या चाकाचं बेअरिंग घ्या. हब उघडायचा, जुनं ग्रीस केरोसीनने धुवायचं, रोलर नखाने तपासायचे, तळहातावर ग्रीस घेऊन ते बेअरिंगच्या आत दाबून भरायचं. मग नट आवळताना चाक हाताने फिरवत राहायचं. चाक जड झालं की थांबायचं आणि नट साधारण एक-षष्ठांश फेरा मागे सोडायचा. मग लॉक वॉशर, दुसरा नट, वॉशरचा कान दुमडायचा. 'जड झालं' म्हणजे किती जड, हे काकांनी सांगितलं नाही, माझा हात चाकावर ठेवला. जास्त आवळलं तर बेअरिंग तापून जळेल, सैल राहिलं तर चाक डुलेल. व्हायव्हामध्ये मी 'प्रीलोड' हा शब्द शंभर वेळा म्हटला असेल. तो कसा लागतो ते त्या दिवशी कळलं.

माझा मुद्दा इथे आहे. ज्याने एकदा तुटलेला पाटा बदललाय, म्हणजे यू-बोल्ट कापून, कमान उतरवून, पेणच्या कमानीवाल्याकडे खांद्यावर नेऊन, परत चढवून, तो बांधावरून गाडी उडवत नाही. त्याला उडी मारताना आवाज येण्याआधीच पाट्याचा आवाज ऐकू येतो. दुरुस्ती करणाऱ्याचा हात आपोआप हलका होतो. ज्या दोन गाड्या जानेवारीत गेल्या त्या चांगल्याच होत्या, चालवणारेही काही वाईट नव्हते. पण मोडलं तर हेल्पलाइनला फोन करायचा, ही ज्याची तयारी, त्याला मोडण्याची भीती कुठून असणार? गाडीच्या बाबतीत हेल्पलाइन आहे. बांधाला हेल्पलाइन नसते.

नोटीस लागल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण, ज्यांच्या हातून तो बांध फुटला त्यांतले तिघे धरून, मामाबरोबर काकूत बसून गागोद्याला गेलो. शेत एका आजींचं आणि त्यांच्या मुलाचं. बांध म्हणजे काय, मातीचा ढीग, अर्ध्या तासात होईल असा आमचा अंदाज. पूर्ण दिवस गेला. आधी फुटलेल्या जागेची दोन्ही टोकं खणून पायरीसारखी करावी लागली, नाहीतर नवी माती जुन्या मातीला धरत नाही. मग ढेकळं फोडून, पाणी शिंपडून, वीतभर थर टाकायचा आणि चोपायचा. मग पुढचा थर. आमच्यातल्या सिव्हिलवाल्याने पाण्याची बादलीच ओतली तेव्हा आजी ओरडल्या, "बाय, त्याला सांग, मूठ वळली पाहिजे, हाताला चिखल लागता नये." सिव्हिलवाला क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "अरे, हे तर ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट!" प्रॉक्टर टेस्ट आपण लॅबमध्ये करतो, साच्यात माती भरून हातोडा पाडतो, पाच-सहा वेळा पाणी बदलून आलेख काढतो. आजी ती मुठीत करतात.

बांध झाला. पाऊस पडेल तेव्हा तो टिकतो की नाही ते कळेल, आणि जूनमध्ये आम्ही बघायला जाणार आहोत. वालाचं मात्र काही करता आलं नाही. चाकाखाली गेलेलं झाड परत उभं राहत नाही. त्याचे पैसे त्या तिघांनी दिले आणि आजींच्या मुलाने मोजून घेतले. घ्यायलाच हवे होते. पण ज्या पट्ट्यांवरून चाकं गेली तिथली जमीन दगडासारखी झालीय, ती नांगराशिवाय सुटणार नाही. थोडा हिशोब करून बघा. टायर जमिनीवर साधारण आपल्या हवेइतकाच दाब टाकतो. तीस पीएसआय हवा असेल तर चौरस सेंटिमीटरला दोन किलोच्या वर. साठ किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला तर हाच दाब किलोच्या पाचव्या हिश्शाएवढाही भरत नाही. टायरची हवा अठरापर्यंत उतरवली तरी आपण माणसाच्या सहा-सात पट जड पडतो. म्हणून मोडलेलं सगळंच जोडता येत नाही, हेही जाण्याआधीच माहीत असावं लागतं.

आता आक्षेप. काही सर म्हणतील, एवढं सगळं कळतंय तर बंदी बरोबरच आहे की! मला नाही पटत. बंदी घातली म्हणून कोणी जायचं थांबणार नाही, फक्त सांगून जाणं थांबेल. घरी जातो म्हणून आउट पास घ्यायचा आणि गाडी तिसऱ्याच गावाच्या शेतात घालायची. तिथे काही झालं तर कॉलेजला पत्ताही नसेल. शिवाय आपण इंजिनीअर होणार म्हणतो, आणि चार वर्षांत एकदाही आपल्या हाताने उघडलेली वस्तू परत बंद करून, चालू करून दाखवत नाही. वर्कशॉपमधला फायलिंगचा जॉब सोडा, तो कुठून 'येतो' ते सगळ्यांना माहीत आहे!

काही जण म्हणतील, जुन्या डिझेल जीपचं एवढं कौतुक कशाला, धूर बघितलाय का तिचा? बघितलाय. रोज शहरात फिरवायला काकू योग्य नाही, आणि मामाही तिला रोज काढत नाही. जुनी गाडी ठेवणं आता स्वस्तही राहिलेलं नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क मोटारीसाठी १ एप्रिल २०२२पासून सहाशेवरून पाच हजार झालं, वर हरित कर आणि फिटनेसची तपासणी. हे सगळं भरून, तपासणीत पास होऊन जी उरते ती जीप शिकायला उत्तम. माणसाच्या शरीराची रचना शिकायला मेडिकलच्या मुलांना शरीर उघडावं लागतं. आम्हाला फक्त पॉवरपॉइंट का?

आणि मित्रांनो, तुमचा आक्षेपही ऐकलाय: "आम्ही मजा करायला जातो, गॅरेज उघडायला नाही." कबूल. पण गेल्या वर्षी रात्री नऊ वाजता, गावाच्या अलीकडे, काकू फुर्रफुर्र करून बंद पडली. रबरी डिझेल पाइप जुना होऊन चिरला होता आणि लाइनने हवा धरली होती. मोबाइलला रेंज नाही. आम्ही पाइपचा चिरलेला तुकडा कापला, उरलेला ओढून क्लिप आवळली, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहिलो. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू बंद, सेल्फ मारला, दुसऱ्या खेपेला काकू खोकली आणि सुरू झाली. पाऊण तास लागला. त्यानंतर अंगणात तंबू लावून जी खिचडी खाल्ली तिच्याइतकी मजा मला कुठल्याही रीलमध्ये दिसलेली नाही.

म्हणून रेक्टर सरांना आणि विद्यार्थी मंडळाला माझी विनंती, की ती नोटीस काढून तिच्या जागी या अटी लावाव्यात.

पहिली अट. प्रत्येक गाडीमागे निदान दोघांना वर्कशॉपच्या सरांसमोर तीन कामं करून दाखवता यायला हवीत: उताराच्या कच्च्या जमिनीवर जॅक लावून स्टफनी बदलणे, रुतलेली गाडी इंजिन न रेसता फावडं आणि फळी वापरून काढणे, आणि आपल्या गाडीचं तेल, पाणी, ब्रेक, पट्टा तपासणे. नव्या गाडीत डिझेलची हवा काढायला मिळणार नाही, पण एवढं तरी येईल.

दुसरी. जागेच्या मालकाला आधी विचारायचं. फोनवर नाही, जाऊन. शेतात, गवताळ माळावर, वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय चाक घालायचं नाही. पुढची वाट आधी पायी चालून बघायची. विनोबांच्या गावात तेवढं पायी चालायला हरकत नसावी!

तिसरी. जून ते कापणी होईपर्यंत शेताकडे गाडी न्यायचीच नाही. नंतरही खाचर रिकामं आहे असं समजायचं नाही, त्यात काय पेरलंय ते विचारायचं. जाळ मोकळ्या जागी करायचा, निघताना पाण्याने विझवायचा. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, तेव्हा एका ठिणगीचा वणवा होतो.

चौथी. गाडीत फावडं, घमेलं आणि पाना असल्याशिवाय आउट पास मिळू नये. मोडलं तर जोडून यायचं, जोडता आलं नाही तर भरपाई देऊन यायचं, आणि तसं परतल्यावर रजिस्टरमध्ये लिहायचं.

या चार अटी जाचक वाटत असतील, तर बसने जावं. एसटी पेणपर्यंत उत्तम जाते आणि पुढे मिनीडोर मिळते.

पुढच्या रविवारी मामा काकूला घेऊन कॉलेजवर येतोय. वर्कशॉपच्या सरांनी मागची शेड सकाळी साडेनऊपासून द्यायचं कबूल केलंय. पुढच्या दोन्ही चाकांचे हब उघडायचे आहेत आणि ऑईल सील बदलायचे आहेत. कुठल्याही ब्रँचचं, कुठल्याही वर्षाचं कोणीही या. रेक्टर सरांनाही आग्रहाचं निमंत्रण. जुने कपडे घाला आणि नखं कापून या. ग्रीस आठवडाभर निघत नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र विभाग